पोटातला फुगा आणि बाजरीचा हिरवा रंग

आधी शोभाताईचं नाव लिहिते, मग माझं काय झालं ते.

शोभाताई म्हणजे आमच्या बियाण्याच्या प्लँटमधल्या बायांच्या टेबलाची मुकादम. मूळची केदारखेड्याची, आता जालन्यात आमच्याच गल्लीत चार घरं सोडून राहते. वय पंचावन्नच्या पुढे. माझ्या नात्याची नाही, गावची नाही, समाजाची नाही. तिच्या घरात बुद्धाची मूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो, माझ्या घरात आमच्या गावच्या देवीचा. दवाखान्याच्या कागदावर ‘सोबत कोण’ असं लिहायचं होतं तिथे तिचं नाव आहे. सिस्टरने विचारलं, नातं काय? ती म्हणाली, “लिहा काय बी. बहीण लिहा.” सिस्टरने लिहिलं.

दुसरं नाव माझ्या मुलीचं, रेश्माचं. तिसरं पोटाच्या डॉक्टर मॅडमचं. नवऱ्याचंही येईल, पण उशिरा. ते आलेही उशिराच.

मी सातवीपर्यंत शिकले. मॅडम म्हणाल्या, पोटात फुगा बसवायचं नाव काढलं की बाया खुर्चीवरून उठून जातात, तुम्ही तुमचं लिहून द्या, ज्यांना बसवायचाय त्या वाचतील. म्हणून लिहिते. शुद्धलेखन रेश्माने तपासलंय. बोलणं माझंच ठेव असं मी तिला बजावलंय.

पोत्यांचा काटा

मी वैशाली, कोकणातल्या कुडाळकडची. बाबा आजारी पडले तेव्हा धाकट्या भावाला सांभाळायला घरी राहिले ती परत शाळेत गेले नाही. एकोणिसाव्या वर्षी लग्न झालं. नवरा ड्रायव्हर. सोळा वर्षांपूर्वी जालन्यात आलो, इथल्या कारखान्यांतल्या सळया ट्रेलरवर लादून ते देशभर जातात. एकदा गाडी सुटली की आठ-दहा दिवस घर रिकामं.

आले तेव्हा मी बारीक होते, हे खोटं वाटेल. इथे आल्यावर मला कोणी ओळखत नव्हतं. ज्वारीची भाकरी माझ्या हाताने चिरायची, शेजारणी हसायच्या. संध्याकाळ झाली की करमायचं नाही. मग चहा-खारी. मग फरसाण. टोपात भात उरला तर टाकवायचा नाही. वाईट वाटलं की खाल्लं, बरं वाटलं की खाल्लं, आणि काहीच वाटलं नाही की जास्तच खाल्लं. आई फोनवर पहिला प्रश्न एकच विचारायची, “काय गो बाय, जेवलंस?” मी म्हणायचे, जेवलंय. खोटं कधी नव्हतं ते.

गेल्या दिवाळीनंतर प्लँटमध्ये गोणी उचलून टेबलावर ठेवताना बेंबीपाशी काहीतरी उसवल्यासारखं झालं. घरी येऊन बघितलं तर लिंबाएवढी गाठ. आडवी झाले की आत जायची, उभी राहिले की बाहेर. मी महिनाभर कोणाला सांगितलं नाही. ओढणीची घट्ट पट्टी बांधून कामाला जायचे. भीती ही की काम जाईल, आणि दुसरी भीती ही की डॉक्टर आधी वजन विचारतील.

शोभाताईने कपडे बदलायच्या खोलीत ती पट्टी बघितली.

“हे काय गं? बाळंतीण झालीस का मला न सांगता?”

“काही नाही, कंबर दुखते.”

“कंबर पुढून दुखती व्हय? दाखव.”

दाखवल्यावर ती हसली नाही. दुसऱ्या दिवशी हजेरी मांडून तिने मला रिक्षात घातलं.

सर्जन म्हणाले, हर्निया. आतडं पोटाच्या भिंतीतून बाहेर येतंय, ऑपरेशन करावं लागेल. मग म्हणाले, काट्यावर उभ्या राहा. त्यांच्या काट्याची सुई एकशेवीसला जाऊन टेकली आणि पुढे जागाच नव्हती. ते म्हणाले, नेमकं वजन काढून या. बाहेर रांगेतल्या माणसांनी ऐकलं. मी पदर दोन वेळा सारखा केला, जणू पदराचंच वजन होतं.

नेमकं वजन आम्ही प्लँटमधल्या पोत्यांच्या काट्यावर काढलं. सकाळी सगळे यायच्या आधी. शोभाताई खाली वाकून, काट्याच्या अगदी जवळ तोंड नेऊन बघत होती. एकशे एकवीस.

सर्जननी सरळ सांगितलं. या वजनाला भूल देणं जोखमीचं आहे आणि टाके टिकणार नाहीत. गाठ कधी अडकली तर मात्र धावतपळत करावंच लागेल, आणि ते फार वाईट. सहा महिन्यांत वीस किलो कमी करा, शंभरच्या आसपास या, मग मी करतो.

आमच्याकडे बियाण्याच्या पाकिटांची गोणी बांधतात ती वीस किलोची असते. येताना रिक्षात मी रडत होते. शोभाताई म्हणाली, “एक गोणी उतरवायची आहे ना? रोज गाडीतून किती उतरवतो आपण? मंग.”

टायर आणि जॅक

महिनाभर मी स्वतःच करून बघितलं. भात बंद, तेल बंद. दोन किलो उतरले. मकर संक्रांतीच्या आधी तीळगूळ वळायला बसले आणि दोन्ही परत आले. मग सर्जननी मला पोटाच्या मॅडमकडे पाठवलं.

मॅडमनी टेबलावर एक मऊ, रबरासारखी पिशवी ठेवली. तोंडातून नळीने ही पोटात सोडायची, पाण्याने फुगवायची, मोठ्या मोसंबीपेक्षाही मोठी होते. सहा महिने पोटात राहते. पोट अर्धं भरलेलंच, म्हणून थोडक्यात जेवण पुरतं. कापाकापी नाही. सहा महिन्यांनी तशीच नळीने काढायची. “पण ही जादू नाही,” त्या म्हणाल्या. “फुगा भूक कमी करेल, सवय तुम्हालाच बदलायची.”

मग त्यांनी एक गोष्ट तीनदा सांगितली, म्हणून मीही इथे सांगते. फुग्यातल्या पाण्यात निळा रंग घातलेला असतो. फुगा फुटला तर लघवी हिरवी-निळी होते. तशी दिसली तर त्याच दिवशी यायचं, दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही. फुटका फुगा खाली सरकून आतड्यात अडकू शकतो.

खर्चाचं लिहीत नाही. माझ्या पाटल्या गेल्या एवढंच.

नवऱ्याला फोन केला तेव्हा ते नागपूरच्या पुढे होते. म्हणाले, “फुगो? तोंडाक कुलूप लाव, फुकटात काम होयत.”

शेजारी शोभाताई बसली होती. तिने फोन माझ्या हातातून घेतला.

“भाऊ, मी शोभाताई बोलून राह्यले. एक विचारू का? तुमच्या गाडीचं टायर बसलं तर तुम्ही त्याला शिव्या देता का जॅक लावता?”

मग त्यांनी एवढंच विचारलं, “कधी आहे?”

लोखंडी स्टूल

फुगा बसवायला अर्धा तासही लागला नाही. झोपेचं औषध दिलं, जाग आली तेव्हा झालेलं होतं. मला वाटलं, एवढंच? हसूसुद्धा आलं.

तासाभरात कळायला लागलं. पोटाला आत कोणी अनोळखी माणूस येऊन बसल्यासारखं झालं आणि पोट त्याला बाहेर हाकलायला लागलं. उलटी, पुन्हा उलटी. पोटात काही नाही तरी उलटी. पोटऱ्या वळतात तसं पोट वळायचं. पाण्याचा एक घोट घेतला की दोन घोट बाहेर. हे मी घाबरवायला लिहीत नाही. मला कोणी आधी नीट सांगितलं असतं तर मी कमी घाबरले असते, म्हणून लिहिते.

सिस्टर म्हणाली, “तीन दिवस असं असतं. चौथ्या दिवशी बरं नाही वाटलं तर मला शिव्या द्या.”

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी म्हणाले, “काढा हे. मला नको. गाठ राहू दे, मी राहीन गाठीसकट.”

शोभाताई कॉटशेजारच्या लोखंडी स्टुलावर बसली होती. मांडीवर बादली. दोन दिवस ती त्या स्टुलावरच होती. त्या स्टुलाचा एक पाय आखूड होता, ती हलली की टक्क वाजायचं. ती म्हणाली, “काढू. उद्या काढू. आज त्या डॉक्टरीणबाईला सुट्टी आहे.”

तिसऱ्या दिवशीही तिने हेच सांगितलं. मॅडम दोन्ही दिवस राउंडला येऊन गेल्या होत्या. मला औषधाच्या गुंगीत कळलं नाही. हे मला नंतर सिस्टरने सांगितलं.

तिच्याबद्दल तिथे दोन गोष्टी लक्षात आल्या. एक, ती माझ्यासमोर कधी जेवली नाही. “मी खाऊन आले,” म्हणायची. डबा घेऊन खाली जायची आणि सायकल स्टँडपाशी उभ्याने खायची, ठेच्याचा वास मला येऊ नये म्हणून. दुसरी गोष्ट, ती सारखी विचारायची, “किती वाजले गं?” घड्याळ समोरच्या भिंतीवर होतं. मला वाटायचं मी जागी आहे का हे बघायला विचारते. मग तिने गोळ्यांचं पाकीट नाकाला लावून वाचलं तेव्हा समजलं. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, डावा तर पूर्ण पिकलाय. ऑपरेशन सांगितलंय. ती म्हणते, सीझन जाऊ दे.

चौथ्या दिवशी मी सिस्टरला शिव्या दिल्या नाहीत. बस म्हणाले आणि स्टूल ओढून दिलं. ती म्हणाली बसायला वेळ नाही.

पेज

घरी आल्यावर पंधरा दिवस फक्त पातळ. रेश्माची दहावी. सराव परीक्षा चालू होती आणि आई भिंतीला टेकून बसलेली. आडवं पडलं की घशाशी यायचं, म्हणून बसूनच झोपायचे.

तिसऱ्या दिवशी ती चिडली. “वर्गात सगळ्या म्हणतात तुझी आई फुगा गिळून आली. एवढं दहावीच्या वर्षालाच करायचं होतं?”

मी सातवीत घरी बसले होते ते घरातल्या आजारपणामुळेच. माझ्यामुळे हिचंही तसंच होतं की काय, ही भीती पोटातल्या दुखण्यापेक्षा मोठी होती. ते तिला सांगायला मात्र जमलं नाही.

संध्याकाळी तिने मोबाईलवर दर पंधरा मिनिटांचा गजर लावला. इतिहासाचं एक उत्तर झालं की गजर, आईला दोन घोट पाणी. भूगोलाचं एक उत्तर, आईला दोन घोट ताक. शोभाताई म्हणाली, “चांगलं आहे, मायलेकी दोघींचा अभ्यास होऊन राह्यला.”

माझ्या आईला मी काही सांगितलं नव्हतं. घाबरेल म्हणून. पण आवाजावरून तिने ओळखलं.

“बाय, जेवलंस?”

“जेवलंय.”

“तुझो आवाज असो कित्याक येता? खरा सांग.”

सगळं सांगितलं. गाठ, फुगा, उलट्या. फोनवर मागे कोंबडी ओरडत होती. मग ती म्हणाली, “पेज पी. पेजेन कोणाचा वायट झाला नाय.”

एवढे दिवस मला सुचलंच नव्हतं. डाळीचं पाणी, ताक, नारळपाणी, मॅडमनी दिलेली पावडर, सगळं चाललं होतं. पेज सोळा वर्षांत मी विसरले होते. घरात उकडा तांदूळ नव्हता. शोभाताईने साध्या तांदळाची केली, मला विचारून विचारून. पहिल्यांदा तिने त्यात जिऱ्याची फोडणी घातली. मी म्हणाले, पेजेला फोडणी नसते. ती म्हणाली, “फोडणी न्हाई? मंग हे भाताचं धुणं झालं.” पण दुसऱ्या दिवशी बिनफोडणीची आणली. वरचं पाणी गाळून, मीठ घालून. सोळा वर्षांत पहिल्यांदा जालन्यात मला घरी असल्यासारखं वाटलं, तेही चार चमचे पाण्यात.

एकशे दहा

पुढचं बरं गेलं. भूक म्हणजे काय तेच आठवेना. अर्धी भाकरी खाल्ली की पोट म्हणायचं पुरे. घास बत्तीस वेळा चावायचा असं मॅडमनी सांगितलं होतं, मी टेबलावरच्या बायांच्या गप्पा ऐकत चावायचे. दर सोमवारी सकाळी पोत्यांच्या काट्यावर उभी राहायचे. शोभाताई वाकून वाचायची आणि मशीनच्या मागच्या भिंतीवर खडूने आकडा लिहायची. मला तिने उचलायच्या कामावरून काढून बी निवडायला बसवलं होतं. सुपरवायझरने विचारलं तर म्हणाली, “तिचा डोळा बारीक आहे, खराब दाणा लगेच दिसतो.” स्वतःला दाणा दिसत नव्हता.

मार्च संपेपर्यंत अकरा किलो उतरले. एकशे दहा. मग काटा अडला. एक सोमवार, दोन सोमवार, तीन सोमवार. एकशे दहा.

आता खरं लिहिते. फुगा भाकरी अडवतो, चहा अडवत नाही. साखरेचा चहा दिवसातून चार वेळा, त्यात बुडवलेली खारी मऊ होऊन सहज खाली जाते. रेश्माची परीक्षा संपली म्हणून आईस्क्रीम आणलं, ते वितळून पातळ होतं, तेही जातं. कोणाला कळत नाही. मी स्वतःलाही कळू देत नव्हते.

त्यात नवरा फेरीहून आले. भिंतीवरचा आकडा त्यांनी बघितला नव्हता, पण मी सांगितला. ते म्हणाले, “म्हणजे फुगो बसलो, वजन उठला नाय.” आणि हसले. चेष्टेत म्हणाले असतील. मला ते हसू चार दिवस चावत राहिलं.

त्या चार दिवसांत माझ्या मनात एक गोष्ट आली ती इथे लिहायला लाज वाटते. हा फुगा आपोआप फुटला तर? म्हणजे काढावाच लागेल. म्हणजे कोणी म्हणणार नाही की वैशालीने सोडून दिलं. गाठ राहील तशी राहू दे. सुटका तरी होईल.

हिरवं पाणी

एप्रिल म्हणजे आमचा सीझन. पेरणीच्या आधी बियाण्याला औषध आणि रंग चढवतात. त्या आठवड्यात बाजरी होती. बाजरीला हिरवा रंग. आम्हाला हातमोजे देतात, पण मोज्यातून दाणा कळत नाही म्हणून बाया काढून ठेवतात. करू नये ते करतो. रंग नखांत जातो, बाह्यांना लागतो, निऱ्यांच्या कडेला लागतो. घरी आलं की कपडे भिजवायचे आणि ते पाणी हिरवं होतं.

आता जालन्यात नळाला पाणी कधी येईल सांगता येत नाही. म्हणून आमच्या गल्लीत कपड्यांचं पाणी कोणी मोरीत सोडत नाही. बादलीत भरून संडासात वापरायला ठेवतात. उन्हाळ्यात तर थेंब टाकत नाहीत.

त्या सकाळी मी उठले, संडासात गेले. उठताना सवयीप्रमाणे खाली बघितलं. हिरवं.

मी भिंतीला धरून उभी राहिले. रेश्मा बाहेरून विचारत होती आई काय झालं, मी एवढंच म्हणाले, शोभाताईला बोलाव. मॅडमचं बोलणं कानात वाजत होतं, त्याच दिवशी यायचं.

दहा मिनिटांत शोभाताई आली. तोंडही धुतलं नव्हतं तिने. रिक्षा केली. मंठा चौफुलीपाशी गर्दीत रिक्षा अडली तेव्हा ती रिक्षावाल्याला म्हणाली, “भाऊ, जल्दी कर, पेशंट आहे.” त्याने मागे वळून बघितलं, “कुठं लागलंय?” ती म्हणाली, “आतून.”

मी पोटावर हात धरून बसले होते. आणि तेव्हाच मला काहीतरी वेगळं कळलं. चार दिवस मी हेच मागत होते. आता झालं होतं, तर सुटल्यासारखं वाटायला पाहिजे होतं. वाटत नव्हतं. मी हात दाबून धरला होता, दुधाचं भांडं रिक्षात सांडू नये म्हणून धरतात तसा. तोंडाने पुटपुटत होते, आणखी तीन महिने, एवढे तीन महिने राहा. अकरा किलो झालेत, नऊच राहिलेत. मला तो फुगा पाहिजे होता. मला ते ऑपरेशन पाहिजे होतं. मला पट्टी न बांधता उभं राहायचं होतं.

मॅडम ओपीडी सोडून आल्या. सोनोग्राफी केली. स्क्रीनवर काळा गोल दिसला, मला तो आता ओळखता येत होता.

“फुगा व्यवस्थित आहे,” त्या म्हणाल्या. “पूर्ण भरलेला.”

“मग हिरवं?”

“तपासू.” सिस्टरने बाटली दिली. मी बाटली भरून आणली. उजेडात धरली. पिवळी. नेहमीची, साधी पिवळी. मी ती बाटली सोडायला तयार नव्हते, सिस्टरला ओढून घ्यावी लागली.

मॅडमची नजर माझ्या हाताकडे गेली. नखं हिरवी. मग पायाकडे. घोट्यापर्यंत हिरव्या रेघा.

“हे काय लागलंय?”

मी आणि शोभाताईने एकमेकींकडे बघितलं. रेश्माला फोन केला. ती म्हणाली, हो, रात्रीची साडी भिजवलेलं पाणी तिने पहाटे संडासात ओतलं होतं, अर्धीच बादली, पाणी पुरावं म्हणून.

मला वाटलं मॅडम रागावतील, त्यांची ओपीडी खोळंबली होती. त्या म्हणाल्या, “बरं केलंत आलात. काही बाया दोन दिवस घरी बसून देवाला नारळ बोलतात. तुम्ही तासाभरात आलात. पुन्हा असं वाटलं तर पुन्हा या, शंभर वेळा या.”

जिन्यात आल्यावर शोभाताई म्हणाली, “मला वाटलं पोटात बाजरी पेरून राह्यली का काय ही.” मग पायरीवर बसली.

मी तिथेच परत फिरले. मॅडमच्या दारात उभी राहून सगळं सांगितलं. साखरेचा चहा, खारी, आईस्क्रीम. त्या ऐकून घेत होत्या. म्हणाल्या, “मला माहीत होतं. तुम्ही सांगायची वाट बघत होते.”

दुसऱ्या दिवसापासून शोभाताईने आमच्या टेबलाचा चहा बिनसाखरेचा केला. सगळ्यांचाच. बायांनी चार दिवस मला शिव्या दिल्या. पाचव्या दिवशी एकीने हळूच सांगितलं, तिची शुगरही जरा उतरलीये, पण हे शोभाताईला सांगू नको, नाहीतर ती गूळही बंद करेल.

गोणी उतरली

जुलैत फुगा काढला. आधी दोन दिवस पातळ, मग पूर्ण उपाशी. काढताना काही कळलं नाही. नंतर पोटात इतकी जागा झाली की मला भीतीच वाटली, रिकाम्या घरात आल्यासारखी. पहिला आठवडा मी वाटी मोजून जेवले, अजूनही तीच वाटी आहे.

काट्यावर एकशे एक आणि वर थोडं. सर्जननी आकडा बघितला, माझ्याकडे बघितलं, म्हणाले, “चालेल.”

ऑपरेशनच्या दिवशी नवरा आले. गाडी दुसऱ्या ड्रायव्हरच्या हवाली करून, कुडाळहून पाच किलो उकडा तांदूळ घेऊन. मला आत नेईपर्यंत ते रिपोर्टची पिशवी उलटी धरून उभे होते, कागद खाली पडत होते. स्ट्रेचर हलायच्या आधी जवळ येऊन म्हणाले, “कुलूप माझ्या तोंडाक लावक होया होता.” मी म्हणाले, “आता लावा.” सिस्टर हसली, तिला काही कळलं नव्हतं.

टाके टिकले. गाठ नाही. रेश्मा पास झाली, अकरावीत आहे. मला अजून कोणी बारीक म्हणेल असं नाही, आणि दर सोमवारी काट्यावर चढताना भीती वाटतेच. फुगा बसवणाऱ्या बाईला मी एवढंच सांगेन. पहिले तीन दिवस कोणावर तरी सोपव. स्वतःवर सोपवू नको, तू काढा म्हणशील. आणि गोड चहाचं डॉक्टरला सांग.

मागच्या सोमवारी शोभाताईने काटा वाचला. “अठ्ठ्याण्णव,” म्हणाली. मी वाकून बघितलं. शहाण्णव होतं. तिने काट्याला नाक लावलं होतं तरी दिसलं नव्हतं. मी भिंतीकडे गेले. खडूचे ते सगळे आकडे बघितले, फुगा बसल्यापासूनचे, आणि विचार करत राहिले की यातला एकेक वाचायला तिला किती त्रास झाला असेल.

मी डोळ्यांच्या दवाखान्यात जाऊन विचारून आले आहे. तिला सांगितलं तर म्हणते, सीझन जाऊ दे. मी म्हणाले, सीझन एप्रिलला, आता कुठे आहे? तर म्हणते, बघू. ती मला फसवायची तसंच मी तिला फसवून नेणार आहे. कोणत्या दिवशी ते अजून ठरायचंय, पण नेणार. तिच्या कॉटशेजारी जे काही स्टूल असेल त्यावर मी बसणार, त्याचा पाय आखूड असला तरी. डोळ्यात औषध मी घालणार, किती वाजले ते मी सांगणार, आणि माझा डबा खाली सायकल स्टँडपाशी उभ्याने खाऊन येणार. सिस्टर कागद घेऊन येईल आणि विचारेल, पेशंटची कोण तुम्ही?

मी म्हणेन, लिहा, बहीण.